नागद्वारीसाठी टॉवेल: मायक्रोफायबर घ्यावा की पंचाच बरा?

ओली_चप्पल

यंदा नागपंचमीच्या आधी नागद्वारी, म्हणजे पचमढीच्या डोंगरातली पायी यात्रा, करायचं ठरलंय. नागपूरहून पचमढीपर्यंत गाडी, पुढे दोन दिवस पायी, वाटेत एक मुक्काम. चौघं जण, प्रत्येकाकडे ३५ लिटरची सॅक. घरात आहेत ते सगळे टर्किश टॉवेल. कोरडे असतानाच जड, आणि एकदा भिजले की श्रावणात वाळायचं नाव घेत नाहीत.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या बाजारात, दोन प्रकार दिसले. एक गुळगुळीत, घडी तळहाताएवढी. दुसरा बारीक लूपचा, जरा जाड. दोन्हींवर मायक्रोफायबर लिहिलेलं, एकावर शिवाय ८०/२० असं काहीतरी. ‘अँटी-बॅक्टेरियल’ दोन्हींवर. घरच्यांचं म्हणणं, ही थेरं कशाला, पंचा घेऊन जा.

कोणता घ्यावा, माप किती, आणि तो कुबट वास कसा टाळायचा? डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेकही डोक्यात आहे, तिकडेही चालला तर उत्तम. एका नगाला पाचशेच्या आत बसवायचंय.

सातपुडा_पायवाट

आधी वजनाचा हिशेब करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या, गुणा, त्याला जीएसएमने गुणा. घरचा टर्किश ७० × १४० सेंमीचा, ४५० जीएसएम धरला तर ०.९८ × ४५० म्हणजे ४४१ ग्रॅम, तोही कोरडा. गुळगुळीत मायक्रोफायबर साधारण २०० जीएसएमचा येतो. तो ८० × १३० चा घेतला तर २०८ ग्रॅम, ६० × १२० चा १४४, ४० × ८० चा ६४. पाकिटावर जीएसएम नसेल तर काट्यावर ठेवून उलटा हिशेब मांडा. जीएसएम दीडशेच्या खाली आला तर कापड विरळ आहे, अंगावरचं पाणी नुसतं इकडून तिकडे सारतं. तीनशेच्या वर गेला तर तो जिमचा टॉवेल, सॅकमध्ये त्याचं काम नाही.

आता ८०/२०. त्यात ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड असतं, पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनच. दोन्हींचा मिळून एकच तंतू काढतात आणि मग तो उभा चिरतात. नागपूरकरांना समजवायला सोपं आहे: संत्रं आडवं कापल्यावर जसं दिसतं, तसा त्या तंतूचा छेद. फोडी पॉलिएस्टरच्या, मधल्या पांढऱ्या शिरा पॉलिअमाइडच्या. फोडी सुट्या झाल्या की त्यांच्यामधल्या बारीक फटी पाणी ओढून घेतात. गंमत अशी की न चिरलेला बारीक तंतूसुद्धा मायक्रोफायबर याच नावाने विकला जातो. दिसतो तसाच, लागतो त्याहून मऊ, आणि पाणी ओढत नाही.

ओळखायचा कसा? पाण्याच्या बाटलीतला एक थेंब कापडावर सोडा. एक-दोन सेकंदांत मुरून पसरला तर ठीक. मण्यासारखा वर उभा राहिला तर एकतर तंतू चिरलेला नाही किंवा वरून चकाकीचं फिनिश आहे. फिनिश धुतल्यावर जातं, पण दुकानात ते कळायला मार्ग नाही, म्हणून तो नगच सोडा. दुसरी खूण हाताची. बोटांची टोकं जरा रखरखीत असतील तर चिरलेला तंतू कातडीत किंचित अडकतो. न चिरलेला रेशमासारखा घसरतो. ग्राहकाला घसरणाराच आवडतो, आणि दुकानदार तोच पुढे करतो.

लूपचा प्रकार पाणी जास्त धरतो, अंगालाही बरा वाटतो. पण सॅकच्या बाहेर लटकवून जंगलातून चाललात की रायमुनियाच्या (घाणेरीच्या) काट्यांत लूप अडकून ओढले जातात. शिवाय माती-पानं त्यात अशी बसतात की झटकून निघत नाहीत. पावसाळी वाटेला गुळगुळीतच.

श्रावणाची खरी अडचण वेगळीच आहे. ‘तिप्पट वेगाने वाळतो’ हे पाकिटावरचं वाक्य कोरड्या हवेपुरतं खरं. आर्द्रता नव्वदीच्या पुढे गेली की मायक्रोफायबरही वाळत नाही, तिथे फक्त पिळणं कामाला येतं. सुती तंतू पाणी पोटात घेऊन फुगतो. मायक्रोफायबर पाणी धरतो ते तंतूंच्या मधल्या फटींत. पिळ्याने फटींतलं पाणी निघतं, पोटातलं राहतं. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेला आपण ज्याला कोरडं म्हणतो ते सुती कापडसुद्धा वजनाच्या ७ ते ८ टक्के ओल धरून असतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून नागद्वारीला टॉवेल निवडताना एकच गोष्ट पाहायची: पिळल्यावर त्यात किती पाणी उरतं.

वापरायची रीतही त्यावरूनच. आंघोळ झाली की टॉवेलला हात लावण्याआधी तळहातांनी अंगावरचं पाणी वरून खाली निथळवा. केसांपासून पायांपर्यंत, अर्धं मिनिट. बरंचसं पाणी तिथेच जातं. मग टॉवेल चोळू नका, दाबत टिपा. पिळा, पुन्हा टिपा, पुन्हा पिळा. दुसऱ्या पिळ्यानंतरचा मायक्रोफायबर बऱ्यापैकी कोरडं करतो, हे पहिल्यांदा वापरणाऱ्याला पटत नाही. चोळणारा माणूस ‘हा अंगाला चिकटतो, पुसत नाही’ म्हणून तक्रार करतो.

तुमच्यासाठी एक ६० × १२० आणि पायांसाठी वेगळा ३० × ४० चा तुकडा. पायांचा तुकडा गाडी पुसायच्या मायक्रोफायबरचा चालतो, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. दिवसभर बूट ओले राहणार, तेव्हा मुक्कामाला बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं अंग पुसण्यापेक्षा महत्त्वाचं. तोंड आणि पाय एकाच कापडाने पुसू नका.

अँटी-बॅक्टेरियलसाठी जादा पैसे देऊ नका. चांदीची प्रक्रिया असली तरी ओला टॉवेल रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर सकाळी वास येणारच.

गांधीबाग_ठाण

भाऊ, पंच्याले एवढं हलक्यात नका घेऊ. तुमचाच हिशेब लावतो. ७५ × १५० चा पंचा, ११० जीएसएम धरा, १२४ ग्रॅम भरते. म्हणजे तुमच्या ६० × १२० पेक्षा मोठा अन् वरून २० ग्रॅम हलका. पाचशेत एक मायक्रोफायबर येईन, तेवढ्यात चौघांचे पंचे होतात.

पण घ्याले गेले त डोळे उघडे ठेवा. ‘प्युअर कॉटन’ म्हणून जे विकून राहिले ना, त्यातले लय पंचे पॉलिएस्टर मिक्स असतात. कडेचा एक धागा ओढून घ्या, दुकानाबाहेर या, काडी लावा. सुती असंल त कागद जळल्यावानी वास येते अन् राख बोटात भुरभुर होते. पॉलिएस्टर असंल त धागा आकसते अन् टोकाले काळा टणक मणी होते. मिक्समध्ये दोन्ही दिसते, राख पण अन् मणी पण. असा पंचा ना धड पाणी पिते, ना धड मायक्रोफायबरवानी पिळल्या जाते.

मग उजेडाकडे धरून पाहा. ताणा-बाणा सारखा दिसला पाह्यजे. कापड हाताले कडक लागून राहिलं म्हणून ते दाट आहे असं समजू नका, ती खळ असते. खळ गेली की खरं कापड कळते. तिथंच दुकानात दोन्ही हातानं पंच्याचा कोपरा खसाखसा चोळा. पांढरी भुकटी पडली अन् चोळलेल्या जागी जाळी दिसाले लागली, त ठेवून द्या बाप्पा, धुतल्यावर त्याची मच्छरदाणी होईन.

अन् नवा पंचा तसाच सॅकमध्ये टाकून निघू नका. खळ असेपर्यंत पाणी वरून घरंगळते, अन् मग लोक म्हणतात पंचा काही कामाचा नाही. रातभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी चोळून धुवा. असं दोन-तीनदा. धुतल्याचं पाणी दुधाळ येणं बंद झालं म्हणजे खळ गेली. थोडा आटते पण, म्हणून १५० च्या खालचा घेऊच नका.

बाकी पंच्याचे उपयोग मोजत बसलं त संध्याकाळ होईन. डोक्यावर ओझं घ्याचं त चुंबळ, हात मुरगळला त गळ्यात झोळी, गढूळ पाणी आहे त चार पदरी गाळण (गाळ निघते फक्त, जंतू नाही, उकळा लागतेच). चुलीवरचं गरम भगोनं उतरवाले पण पंचा, पण कोरडा पाह्यजे. ओल्या पंच्यानं भगोनं धरलं त आतल्या पाण्याची वाफ होऊन हात पोळते. मायक्रोफायबरनं त धरूच नका, ते वितळून कातडीले चिकटते. शेकोटीची एक ठिणगी उडाली तरी भोक.

सातपुडा_पायवाट

खळ आणि मिक्सचा मुद्दा सोळा आणे. उन्हाळ्यात तर पंच्याला तोड नाही. मे महिन्यात ४५ अंशांना हवा इतकी कोरडी असते की पिळलेला पंचा पाहता पाहता वाळतो. शिवाय ओला करून डोक्याला गुंडाळला की पाणी पोटात धरून ठेवत असल्याने बराच वेळ गारवा देतो. तिथे मायक्रोफायबर कुचकामी.

पण श्रावणात तो १२४ ग्रॅमचा पंचा दिवसभर १२४ चा राहत नाही. घरी करून पाहा, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. दोन्ही कापडं कोरडी मोजा, बादलीत पूर्ण भिजवा, एकाच माणसाने एकाच जोराने पिळा, पुन्हा मोजा. ओल्या वजनातून कोरडं वजा करा, आलेल्या आकड्याला कोरड्याने भागा. समजा कोरडं १४४ आणि पिळून २३०, तर ८६ ग्रॅम पाणी उरलं, म्हणजे ०.६. ज्याचा आकडा कमी तो श्रावणात सोबत न्यायचा. पिळताना माणूस बदलू नका, मनगटाच्या जोरानेच निकाल फिरतो.

गांधीबाग_ठाण

काट्यावर तुमचा जिंकंल, मान्य. पण पंचा कंबरेले गुंडाळून कपडे बदलता येतात. ६० च्या पन्ह्यात काय झाकाल?

दोन_वेण्या

हा प्रश्न बायकांच्या बाजूने पाहिला तर उत्तर उलटं येतं. पांढरा सुती पंचा ओला झाला की आरपार दिसतो, त्यामुळे उघड्यावर कपडे बदलायला तो निरुपयोगी. कापडी आडोसा करायचा तर गडद रंगाचा, किमान ८० × १३० चा मायक्रोफायबर हवा. नुसता गुंडाळून तो घसरतो. वरच्या दोन कोपऱ्यांना टिचबटणं लावून घ्या, शिंप्याकडे पाच मिनिटांचं काम. एका ओळीत चार-चार बोटांच्या अंतरावर तीन लावली तर जाड स्वेटरवरूनही बसतो आणि नुसत्या अंगावरही. टिचबटण ठोकण्याआधी मागे सुती पट्टीचा तुकडा ठेवायला सांगा. मायक्रोफायबर पातळ असतो, नुसत्या कापडावर ठोकलं की चार वेळा ओढल्यावर बटण कापडासकट हातात येतं.

गडद रंग पहिले दोन-तीन धुण्यांत सुटतो. आधी एकटाच धुवा, नाहीतर सॅकमधला पांढरा बनियन निळा होतो.

लांब केसांसाठी वेगळा ४० × ८० घ्या. केस खाली सोडून टॉवेलमध्ये धरायचे, मुळापासून टोकाकडे मुठीने दाबत यायचं, पिळायचं, पुन्हा तेच. चोळलं की चिरलेला तंतू केसात अडकतो आणि गुंता होतो. पावसात केस पूर्ण वाळत नाहीतच. पाणी गळायचं थांबलं की सैल वेणी घालावी आणि टॉवेल सोडवून पुढच्याला वाळत घालायला द्यावा.

वाळत घालायला द्यावा म्हटलं, वापरायला नाही. चौघांत टॉवेल एकच पुरेल असा विचार असेल तर सोडून द्या. दमट हवा, ओले कपडे आणि सामायिक टॉवेल म्हणजे नायट्याला निमंत्रण. जांघेत किंवा काखेत कुणाला आधीच गोल चट्टा असेल तर त्याचा टॉवेल वेगळ्या रंगाचा ठेवा, म्हणजे अंधारात अदलाबदल होणार नाही.

आणि पचमढीच्या बाजूला माकडं. रंगीत कापड बाहेर वाळत घातलं की ती काढून नेतात, खायचं नसलं तरी. दोरीवर नुसता टाकू नका, दोरीला पीळ देऊन त्या पिळात कोपरा अडकवा.

ओली_चप्पल

सगळ्यांचे आभार. गुळगुळीत ६० × १२० घेतला, ८०/२० चा, काट्यावर १४८ ग्रॅम. दुकानात थेंब लगेच मुरला होता. घरी दोनदा धुतल्यावर मात्र थेंब मोत्यासारखा वर उभा राहतो. धुतला बोअरच्या पाण्यात, वडीच्या साबणाने, शेवटी वासाचं सॉफ्टनर टाकून. टॉवेल फुकट गेला का?

बादली_आणि_बोअर

फुकट गेलेला नाही, पण तुम्ही त्याला दोन लेप दिलेत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. वडीच्या साबणाशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो, बादलीच्या कडेला जो राखाडी थर बसतो तोच. तो त्या संत्र्याच्या फटींत जाऊन बसला. त्यावर सॉफ्टनर. सॉफ्टनरचं कामच कापडाच्या धाग्यावर स्निग्ध थर चढवायचं आहे, म्हणून तर कपडे मऊ लागतात. फटी बुजल्या, पाणी शिरणार कुठून?

दोन्ही काढता येतात, पण एका झटक्यात नाही. आधी सॉफ्टनर: ५ लिटर कोमट पाणी, हात सहज बुडवता येईल इतकंच गरम, त्यात लिक्विड डिटर्जंट एक चमचा. पावडर नको, न विरघळलेले कण अडकतात. अर्धा तास भिजवा, अधूनमधून दाबत राहा, पाणी बदलून पुन्हा एकदा तेच. साध्या पाण्यात तीनदा खळबळून काढा, फेस दिसेनासा होईपर्यंत. मग साका: ५ लिटर साध्या पाण्यात १०० मिली पांढरा व्हिनेगर, पुन्हा अर्धा तास, पुन्हा खळबळणं. हे शेवटचं खळबळणं जमल्यास नळाच्या पाण्याने करा, बोअरच्या नको. वाळल्यावर थेंब टाकून पाहा. नाही मुरला तर डिटर्जंटची पायरी परत करा, दोष सहसा तिथेच राहिलेला असतो.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळून फेस काढायचे व्हिडिओ फिरतात. ते दोघं एकमेकांना मारतात, उरतं जवळपास नुसतं पाणी. आणि व्हिनेगरसोबत ब्लीच कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो. एकटं ब्लीचही नको, ते पॉलिअमाइड खातं.

इस्त्री बंद, उकळतं पाणी बंद, सुती कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकणं बंद. सुती कपड्यांचे तूस मायक्रोफायबरला चिकटतात आणि मग तो अंग पुसताना ते अंगावर सोडतो.

कुबट वासालाही हाच उपाय, फक्त क्रम उलटा. व्हिनेगरचं पाणी अर्धा तास, मग डिटर्जंट, मग सावलीत वारा लागेल असं पसरून. प्रवासात असताना ओला टॉवेल जाळीच्या पिशवीत घालून सॅकच्या बाहेर, पण पावसाच्या झाकणाच्या आत ठेवा. तिथे थोडा तरी वारा लागतो. भाजी आणायची जाळीची पिशवी चालते, वेगळी विकत घ्यायला नको. मुक्कामाला पोहोचलात की आधी टॉवेल बाहेर काढा, चहा नंतर. आणि झऱ्यात साबण लावून धुवू नका, व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. बादलीत पाणी घेऊन काठापासून लांब जा.

ओली_चप्पल

डिटर्जंट दोनदा आणि व्हिनेगर एकदा केल्यावर थेंब मुरला. काट्याचीही परीक्षा घेतली: मायक्रोफायबर ०.७, घरचा जुना पंचा १.१. नागद्वारीचं ठरलं. केदारकंठाला हाच चालेल की अजून लहान?

सातपुडा_पायवाट

तिकडे आंघोळ होणारच नाही. शिखर ३,८०० मीटरच्या आसपास, डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या बराच खाली. तोंड, हात, पाय पुसायला ४० × ८० पुष्कळ. मोठा घरी ठेवा.

ओला टॉवेल तंबूबाहेर राहिला तर पापडासारखा कडक होतो. गोठलेला असताना घडी घालू नका. आधी झटका, बर्फाचा भुगा बराचसा गळून पडतो, उरलेला हाताने चोळून काढा. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊ नका. पिसांची बॅग असेल तर ओल धरून बसते आणि तिची ऊब जाते. दिवसा चालताना शर्ट आणि जॅकेटच्या मधे पाठीवर पसरा, अंगाच्या उष्णतेने दुपारपर्यंत वाळतो.

एका कोपऱ्याला बोटभर लांबीचा नाडा शिवून घ्या, त्याचा फास सॅकच्या पट्ट्याला पडेल इतका. हातमोजे घातलेल्या बोटांना कपड्याचा चिमटा दाबता येत नाही.

ओली_चप्पल

नाडा सुती चालेल का नायलॉनचा?

सातपुडा_पायवाट

नायलॉनचा. सुती भिजून गोठला की गाठ सुटत नाही.